गोफणीतून सुटलेले अणू : अदृश्य वलयाचे चित्र कसे मिळाले

१/
पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर विद्युतप्रवाहाचे एक प्रचंड वलय आहे. सूर्यावरील उद्रेकानंतर ते बळावते आणि काही दिवसांत ओसरते. कोणत्याही दुर्बिणीतून ते दिसत नाही. त्याचे परिणाम एकोणिसाव्या शतकातच मोजले गेले होते. त्याचे पहिले चित्र मात्र १९८७ साली प्रसिद्ध झाले. ज्या कणांची नोंद शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ 'खर्च' किंवा 'भेसळ' अशी केली, त्याच कणांनी हे चित्र रेखाटले. त्या कणांचा हा इतिहास.

२/
या इतिहासाचे एक टोक मुंबईत आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापे होत असत. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यबिंबावर अचानक लखलखाट दिसला. दुसऱ्याच दिवशी कुलाब्यात क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे मूळ मूल्याच्या जवळजवळ चार टक्क्यांनी घसरला. या घसरणीत वलयाचा वाटा किती आणि अन्य प्रवाहांचा किती, याविषयी संशोधकांत आजही मतभेद आहेत. पण कुलाब्याची ती नोंद या अभ्यासातील मोलाचा पुरावा मानली जाते.

३/
याच वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील नोंदी १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मोजमापे बिघडणार, हे ओळखून चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवण्याचे कामही त्यांच्याच काळात झाले. वादळांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या की एक नमुना दिसे : क्षेत्र काही तासांत घसरते आणि सावरायला मात्र काही दिवस घेते. घसरण का होते आणि सावरणे इतके सावकाश का, हे दोन प्रश्न पुढील अर्धशतकाला पुरले.

४/
१९३० च्या दशकात सिडनी चॅपमन आणि व्ही. सी. ए. फेरारो यांनी वादळाच्या काळात पृथ्वीला वेढणाऱ्या वलयप्रवाहाची कल्पना विकसित केली. १९५८ मध्ये 'एक्सप्लोरर १' उपग्रहाच्या मोजमापांतून जेम्स व्हॅन ॲलन यांना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांचे पट्टे सापडले. १९६७ मध्ये लुई फ्रँक यांनी उपग्रहावरील मोजमापांच्या आधारे दाखवून दिले, की वलयप्रवाह वाहून नेणारे कण मुख्यतः हजारो इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन आहेत. वलय खरे ठरले. तरीही ते कोणी पाहिले नव्हते.

५/
अडचण हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीतली होती. उपग्रह ज्या ठिकाणी असतो, तेथलेच कण मोजतो. वलयाचा पसारा लाखभर किलोमीटरचा. उपग्रह एक, फार तर दोन. एका कक्षेला तास लागतात आणि तेवढ्यात वादळाचे रूप पालटते. मोजमाप वाढले तर सारे वलय बळावले, की उपग्रहच दाट भागात शिरला, हे ठरवता येत नसे. संपूर्ण वलय एका नजरेत दाखवणारे चित्र हवे होते. पण जे प्रकाशच देत नाही, त्याचे चित्र घ्यायचे तरी कशाने?

६/
उत्तर एका साध्या घटनेत दडलेले होते. विद्युतभारित प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात गोफणीतल्या दगडासारखा गरगर फिरत राहतो. वाटेत त्याला एखादा थंड, संथ हायड्रोजन अणू भेटला, तर प्रोटॉन त्याचा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो. त्या क्षणी तो विद्युतदृष्ट्या उदासीन होतो, आणि चुंबकीय क्षेत्राची त्याच्यावरील पकड सुटते. गोफण सुटावी तसा तो सरळ रेषेत निघून जातो. याला भार-विनिमय म्हणतात, आणि अशा अणूला ऊर्जावान उदासीन अणू.

७/
५० हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा असा अणू सेकंदाला सुमारे ३,००० किलोमीटर वेगाने जातो. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून सुटायला सेकंदाला ११ किलोमीटर पुरतात. तेव्हा गुरुत्वाकर्षण त्याची वाट फारशी वळवू शकत नाही. म्हणजे तो ज्या दिशेने आला, त्या दिशेलाच त्याचा उगम. सरळ रेषेत येणे हा प्रकाशाचा जो गुण छायाचित्राला आधार देतो, तोच या अणूंतही आहे. तत्त्वतः त्यांचाही कॅमेरा होऊ शकतो. हे तत्त्व प्रत्यक्षात उतरायला मात्र काही दशके गेली.

८/
या विनिमयाला लागणारे थंड हायड्रोजन अणू कोठून येतात? पृथ्वीच्या वातावरणाचे शेवटचे विरळ टोक हायड्रोजनचे आहे आणि ते हजारो किलोमीटर दूरवर पसरले आहे. त्याला जिओकोरोना म्हणतात. एप्रिल १९७२ मध्ये 'अपोलो १६' च्या अंतराळवीरांनी चंद्रावरून जॉर्ज कॅरुथर्स यांनी तयार केलेल्या अतिनील कॅमेऱ्याने पृथ्वीची छायाचित्रे घेतली. त्यांत ही प्रभावळ स्पष्ट दिसते. वलयातील प्रोटॉन याच प्रभावळीतून सतत फिरत असतात.

९/
भार-विनिमयाचा पहिला ठळक पुरावा ध्रुवीय प्रकाशातून आला. १९५० मध्ये अमेरिकेतील यर्कीज वेधशाळेत एडन माइनेल यांनी ध्रुवीय प्रकाशाच्या वर्णपटात हायड्रोजनची रेषा नोंदवली. ती निळ्या बाजूला सरकलेली होती, म्हणजे प्रकाश देणारे हायड्रोजन अणू प्रचंड वेगाने जमिनीच्या दिशेने येत होते. बाहेरून शिरलेले प्रोटॉन वातावरणात इलेक्ट्रॉन मिळवून अणू बनत होते आणि चमकत होते. अवकाशातून वेगवान कण पृथ्वीवर येतात, याचा तो महत्त्वाचा दाखला ठरला. पहिला कृत्रिम उपग्रह तेव्हा सात वर्षे दूर होता.

१०/
१९५९ मध्ये ॲलेक्झांडर डेस्लर आणि यूजीन पार्कर यांनी चुंबकीय वादळाचा सिद्धांत मांडताना भार-विनिमयाला महत्त्वाचे स्थान दिले. वादळ ओसरते, कारण वलयातील प्रोटॉन हळूहळू उदासीन होऊन निसटतात आणि त्यांच्या जागी उरलेले संथ प्रोटॉन प्रवाहात फारशी भर घालत नाहीत. मूस यांच्या नोंदींतील सावकाश सावरण्याला आता कारण मिळाले. पण या हिशेबात निसटलेला अणू केवळ खर्चाच्या बाजूला होता. तो पुढे कोठे जातो आणि सोबत काय नेतो, याचा विचार मागे राहिला.

११/
२५ एप्रिल १९६८ रोजी कॅनडातील फोर्ट चर्चिल येथून 'नाइकी-टॉमहॉक' जातीचे एक संशोधन-रॉकेट आकाशात झेपावले. त्यावर या अणूंचा शोध घेण्यासाठीच बनवलेले उपकरण होते. अतिशय पातळ कार्बनच्या पापुद्र्यातून अणू पार करायचा, त्यात त्याचा इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा आणि पुन्हा आयन झालेल्या कणाला मोजायचे, अशी ती युक्ती. १९७० मध्ये दुसरे उड्डाण झाले. मोजलेली संख्या फारच मोठी असल्याची शंका पुढे घेतली गेली. पातळ पापुद्र्याची युक्ती मात्र टिकली. नंतरच्या अनेक कॅमेऱ्यांचा ती गाभा ठरली.

१२/
दुसरा पुरावा अनपेक्षित ठिकाणी मिळाला. नोव्हेंबर १९६९ मध्ये सोडलेल्या 'अझूर' या जर्मन उपग्रहाला विषुववृत्तावर, अगदी कमी उंचीवर ऊर्जावान प्रोटॉन आढळले. तेथील दाट हवेत ते टिकायला नको होते. १९७२ मध्ये त्याचे स्पष्टीकरण मांडले गेले : वरच्या वलयातून सुटलेले उदासीन अणू खाली येतात, हवेच्या कणांवर आदळून पुन्हा इलेक्ट्रॉन गमावतात आणि चुंबकीय क्षेत्रात नव्याने अडकतात. खर्ची पडलेली रक्कम दुसऱ्याच वहीत जमा होत होती.

१३/
खरे वळण १९८० च्या दशकात आले. 'इंप ७', 'इंप ८' आणि 'आयसी १' या उपग्रहांवरील उपकरणे विद्युतभारित कणांसाठी होती. उदासीन अणू आत शिरला तरी त्यांना फरक कळत नसे. वादळाच्या काळात, जेथे आयन जवळजवळ नव्हते अशा भागातही, ही उपकरणे मोजणी दाखवत होती. 'इंप' उपग्रह तर पृथ्वीपासून दोन लाख किलोमीटरहून दूर होते. अशी मोजणी सहज 'भेसळ' म्हणून वगळता आली असती. पण तिची एक खूण होती : ती पृथ्वीच्या दिशेनेच येत होती.

१४/
१९८५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतील एडमंड रोलॉफ, डोनाल्ड मिचेल आणि डोनाल्ड विल्यम्स यांनी ही मोजणी वलयातून सुटलेल्या उदासीन अणूंची असल्याचे दाखवले. १९८७ मध्ये रोलॉफ यांनी पुढचे पाऊल टाकले. २९ सप्टेंबर १९७८ च्या वादळातील 'आयसी १' ची मोजणी त्यांनी दिशेनुसार मांडली. उपग्रह स्वतःभोवती फिरत होता आणि त्याचे उपकरण टप्प्याटप्प्याने कलत होते. त्यामुळे आकाशाचा पट्ट्यांमागून पट्टा नोंदला गेला होता. या पट्ट्यांतून वलयाचे पहिले चित्र उभे राहिले. नऊ वर्षे ते आकड्यांत पडून होते.

१५/
ते चित्र ओबडधोबड होते, मोजक्या चौकटींचे. तरीही त्यात एक मोठी गोष्ट होती : वादळाच्या त्या क्षणी वलय सर्व बाजूंनी सारखे नव्हते, रात्रीच्या बाजूला ते कितीतरी अधिक तेजस्वी होते. रोलॉफ यांनी चित्र वाचण्याची पद्धतही दाखवली. अणू ज्या रेषेवरून आला तिच्यावर तो नेमका कोठे जन्मला, हे एका चित्रातून कळत नाही. म्हणून आधी वलयाचा नमुना कल्पायचा, त्यातून कसे चित्र पडेल ते गणिताने काढायचे, खऱ्याशी ताडायचे आणि नमुना सुधारत न्यायचा.

१६/
अशा चित्रांची गरज केवळ जिज्ञासेपुरती नाही, हे मार्च १९८९ मध्ये उघड झाले. १३ मार्चच्या चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजयंत्रणा कोलमडली आणि सुमारे साठ लाख लोक कित्येक तास अंधारात राहिले. उपग्रह, वीजवाहिन्या, रेडिओ-संपर्क यांवर विसंबलेल्या जगाला वादळ कोठे आणि कसे बळावते, हे कळणे आवश्यक होते.

१७/
मग नुसत्या अणूंसाठीचा कॅमेरा का लवकर बनला नाही? कारण त्याचे दोन शत्रू होते. एक, भोवतीचे आयन. त्यांची संख्या अणूंहून कितीतरी अधिक. त्यांना उच्च विद्युतदाबाच्या पट्ट्यांनी बाजूला वळवावे लागते. दुसरा, जिओकोरोनाचाच अतिनील प्रकाश. तो संवेदकाला अक्षरशः बुडवून टाकतो. पापुद्रा जाड केला तर प्रकाश अडतो, पण मंद अणूही अडतात. पापुद्रा ते संवेदक हे अंतर कापायला अणूला लागलेला वेळ मोजून त्याचा वेग ठरवणे आणि खोटी मोजणी गाळणे, या दोन्ही गोष्टी हळूहळू साधल्या.

१८/
२४ जानेवारी १९९५ रोजी स्वीडनचा अवघ्या २७ किलो वजनाचा 'ॲस्ट्रिड' उपग्रह कक्षेत गेला. बालसाहित्यिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांच्यावरून त्याचे नाव ठेवले होते, आणि त्यावरील पिपी, एमिल व मिओ ही उपकरणे त्यांच्याच कथांतील मुलांची नावे मिरवत होती. 'पिपी' हा उदासीन अणूंसाठी बनवलेला कॅमेरा किरुना येथील स्वीडिश अवकाश-भौतिकी संस्थेने घडवला होता. मोहीम छोटी होती, पण या संस्थेची उपकरणे पुढे मंगळ, शुक्र आणि चंद्र या तिन्ही ठिकाणी पोहोचली.

१९/
२५ मार्च २००० रोजी नासाचा 'इमेज' उपग्रह निघाला. चुंबकावरणाची चित्रे घेणे हेच त्याचे मुख्य काम. जेम्स बर्च यांच्या नेतृत्वाखालील या मोहिमेत कमी, मध्यम आणि उच्च ऊर्जेच्या अणूंसाठी तीन स्वतंत्र कॅमेरे होते. मध्यम ऊर्जेच्या कॅमेऱ्यात अतिनील प्रकाश अडवायला सोन्याची जाळी वापरली होती; तिच्या फटी त्या प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही अरुंद होत्या. उपग्रह दर दोन मिनिटांनी स्वतःभोवती एक फेरी घेई. चित्रांमागून चित्रे मिळू लागली आणि वादळाचा चलच्चित्रपट प्रथमच पाहायला मिळाला.

२०/
या चित्रांनी प्रचलित समजाला धक्का दिला. वलयाचा सर्वांत दाट भाग संध्याकाळ ते मध्यरात्र या बाजूला असेल, असे प्रतिमानांचे सांगणे होते. मोठ्या वादळांच्या ऐन भरात मात्र 'इमेज' ला तो मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या बाजूला सरकलेला दिसला. वरच्या वातावरणातील विद्युतप्रवाह आणि वलय एकमेकांवर परिणाम करून विद्युतक्षेत्राला पीळ घालतात, हे प्रतिमानांत नीट धरले गेले नव्हते. एका ठिकाणच्या मोजमापांनी ही चूक सहज उघड झाली नसती.

२१/
त्याच वर्षाच्या अखेरीस शनीकडे निघालेले 'कॅसिनी' यान गुरूजवळून गेले. त्यावरही उदासीन अणूंचा कॅमेरा होता. सुमारे एक कोटी किलोमीटर अंतरावरून घेतलेल्या चित्रांत युरोपा या चंद्राच्या कक्षेलगत वायूचे एक वलय असल्याचे दिसले. आयो या चंद्राचे ज्वालामुखी भोवती द्रव्य पसरवतात, हे ठाऊक होते. बर्फाळ युरोपाकडूनही इतका वायू सुटत असेल, हे नवे होते. पुढे २००४ ते २०१७ या काळात याच कॅमेऱ्याने शनीभोवतीचे ऊर्जावान ढग ग्रहासोबत गरगरताना टिपले.

२२/
ऑक्टोबर २००८ मध्ये तीन दिवसांच्या अंतराने दोन मोहिमा निघाल्या. १९ तारखेला नासाचा 'आयबेक्स', सूर्यमालेच्या सीमेचे चित्र घेण्यासाठी. २२ तारखेला श्रीहरिकोट्याहून भारताचे 'चांद्रयान १'. त्यावर 'सारा' नावाचे उपकरण होते. किरुनाची संस्था, तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अवकाश केंद्राची अवकाश भौतिकी प्रयोगशाळा, तसेच जपानी आणि स्विस संशोधक यांचे ते संयुक्त काम. उदासीन अणूंनी चंद्राचे चित्र घेणारे ते पहिलेच उपकरण.

२३/
चंद्राला हवा नाही, सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही. सौरवाऱ्याचे प्रोटॉन थेट धुळीवर आदळतात. ती धूळ त्यांना जवळजवळ पूर्णपणे शोषून घेते, असा समज होता. 'सारा' ने दाखवले, की पाचांतील एकापर्यंत प्रोटॉन उदासीन हायड्रोजन होऊन परत उसळतात. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला एका ठिकाणी हे उसळणे कमी दिसले. तेथील खडकांत गोठलेले जुने चुंबकत्व सौरवाऱ्याला अडवत होते : सुमारे ३६० किलोमीटर रुंदीचे एक इवलेसे चुंबकावरण. 'चांद्रयान १' शी ऑगस्ट २००९ मध्ये संपर्क तुटला; दोन वर्षांची मोहीम दहा महिन्यांत आटोपली. हे निष्कर्ष मात्र हाती राहिले.

२४/
ऑक्टोबर २००९ मध्ये 'आयबेक्स' च्या चमूने डेव्हिड मॅकोमास यांच्या नेतृत्वाखाली संपूर्ण आकाशाचा पहिला नकाशा प्रसिद्ध केला. त्यात भोवतालापेक्षा दोन-तीन पट तेजस्वी असा एक अरुंद पट्टा आकाशभर वळसा घालून गेला होता. कोणत्याही सिद्धांताने त्याचे भाकीत केलेले नव्हते. 'व्हॉयेजर' यानांपैकी एक पट्ट्याच्या अलीकडे होते, दुसरे पलीकडे. दोघांनाही त्याची चाहूल लागली नव्हती. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सूर्यमालेच्या वेशीवर पुन्हा घडली होती.

२५/
या पट्ट्याचे सर्वाधिक स्वीकारलेले स्पष्टीकरणही गोफणीचेच आहे, पण दोनदा सुटणाऱ्या. सौरवाऱ्याचा प्रोटॉन उदासीन होऊन सीमेपलीकडे जातो. तेथे इलेक्ट्रॉन गमावून आंतरतारकीय चुंबकीय क्षेत्रात अडकतो. काही काळाने पुन्हा इलेक्ट्रॉन मिळवून सुटतो, आणि त्यांतील काही अणू सूर्याकडे परततात. १,००० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अणूला सीमेपासून पृथ्वीपर्यंत यायला वर्षभराहून अधिक काळ लागतो. जुन्या पत्रासारखी ही बातमी उशिराच पोहोचते.

२६/
'इमेज' ची कथा अजून थोडी उरली होती. १८ डिसेंबर २००५ नंतर तो मूक झाला. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडातील हौशी निरीक्षक स्कॉट टिली एका वेगळ्याच उपग्रहाचा शोध घेत असताना त्यांना त्याचा संदेश ऐकू आला. नासाने तो 'इमेज' असल्याची खात्री केली. मोहीम काही पुन्हा उभी राहिली नाही. पण दरम्यान 'ट्विन्स' मोहिमेच्या दोन उपग्रहांनी दोन डोळ्यांनी पाहावे तसे वलयाला दोन बाजूंनी टिपले होते, आणि २४ सप्टेंबर २०२५ रोजी 'आयमॅप' हे यान 'आयबेक्स' चे काम अधिक तीक्ष्ण नजरेने पुढे नेण्यासाठी निघाले.

२७/
हातांनी लिहिलेल्या कुलाब्याच्या आकड्यांपासून आकाशभर पसरलेल्या पट्ट्यापर्यंतच्या या प्रवासात निर्णायक पाऊल नव्या यंत्राने टाकले नाही. 'आयसी १' वर उदासीन अणूंचा कॅमेरा नव्हताच. होती ती जुनी, दुसऱ्याच कामासाठी घेतलेली मोजणी, आणि ती कोठून येते असे विचारणारे तीन संशोधक. जुन्या नोंदी जपून ठेवण्याचे मोल कुलाब्याच्या वह्यांनी आणि 'आयसी १' च्या आकड्यांनी सारखेच सिद्ध केले आहे.

#इतिहास #अवकाशविज्ञान #चुंबकीय_वादळ #चांद्रयान